कोरमअभावी तहकूब

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे आणि मी आयुष्यभर तिच्यावर जळत आले आहे. आज सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला सोपं जातं. जळत होते तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचे.

आम्ही दोघी गेवराईकडच्या, गोदाकाठच्या. वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि घरात भाजी कोणती करायची यालासुद्धा सूचक आणि अनुमोदक लागायचा. लेकी द्यायच्या वेळी मात्र कुणी ठराव मांडला नाही. मला पालीच्या पुढे डोंगरातल्या गावात दिलं आणि चार वर्षांनी तिला माझ्यापासून दोन गावं सोडून. तिचं स्थळ मीच सुचवलं होतं. विकतचं दुखणं म्हणतात ते हे.

ती सातवीत शाळा सोडलेली, मी दहावी पास. आमच्या गावात बायकांची दूध सोसायटी मी उभी केली आणि कितीतरी वर्षं तिची चेअरमन राहिले. पुढे त्याच बायकांचं एक महिला मंडळ आम्ही नोंदवून घेतलं, कारण सोसायटीला कुणी अनुदान देत नाही, मंडळाला देतात. नाव मंडळाचं, पण कारभार सगळा सोसायटीचा. नोटीस, अजेंडा, प्रोसिडिंग बुक, सूचक, अनुमोदक. तालुक्याचे साहेब म्हणायचे की बाई, तुमचं दप्तर पुरुषांच्या संस्थेपेक्षा नेटकं आहे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

बहीण दुपारच्या एसटीने यायची आणि माझ्या ओट्यावर बसून हे सगळं शिकायची. तिला तिच्या गावात बचत गटांची संस्था काढायची होती. कोरम म्हणजे काय हे तिला मी भुईमुगाच्या शेंगा मांडून समजावलं. एवढ्या सभासद असल्या तर एवढ्या हजर पाहिजेत, त्याशिवाय सभा खरी नाही. आणि नोटिशीच्या तळाला लिहायची ती ओळही मीच तिला पाठ करून दिली. कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला कोरमचे बंधन राहणार नाही. सहकारातली निम्मी कामं या एका ओळीवर चालतात. बायका कधी वेळेवर आल्यात? गोठा, चूल, पोरंबाळं आवरून चार जणी जमतात, सभा तहकूब करायची, चहा घ्यायचा आणि अर्ध्या तासाने त्याच चौघींनी ठराव पास करायचा. तिला याचं फार हसू आलं होतं. मी म्हटलं, हसू नको, लिहून घे.

तिने लिहून घेतलं आणि तिची संस्था चालली. मी बोलायला लागले की बायका ऐकायच्या. ती बोलली की बायका बोलायला लागायच्या. हा फरक मला उशिरा कळला आणि कळला तेव्हा मुळीच आवडला नाही.

मी सांगते आहे ते दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. आमच्या गावाच्या वर एक पाझर तलाव आहे. त्याच्याखालच्या विहिरींवर गावची कडब्याची, घासाची रानं आणि म्हणून आमची डेअरी. तलाव गाळाने इतका भरला होता की त्यात गुरं चरायची. थोडाफार पाऊस झाला तरी पाणी वरच्या वर वाहून जायचं आणि संक्रांतीनंतर विहिरी तळ दाखवायच्या. बायका एकेक म्हैस बाजारात नेत होत्या. त्या उन्हाळ्यात गाळ निघाला नाही तर पुढच्या वर्षी डेअरीत दूध येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात पुण्याच्या एका फाउंडेशनची बातमी आली. कुणा कारखानदाराने आईच्या नावाने काढलेलं होतं. गावोगावच्या छोट्या संस्थांना ते गाळ काढायला मशीन आणि डिझेल देणार होते. गाळ वाहून न्यायचा तो शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने. पारावरच्या म्हाताऱ्यांना आधी वाटलं की बियाणं मिळणार, कारण आमच्याकडे फाउंडेशन हा बियाण्याचा प्रकार. आमच्या बाजूला त्या उन्हाळ्यात एकाच गावाचं काम घेणार होते.

मी अर्ज केला. मा. महोदय, वरील विषयास अनुसरून, सविनय सादर. सोबत ठरावाची नक्कल, मागच्या वर्षांचे अहवाल, सगळं शिक्क्यासह. बहिणीनेही केला. अर्ज पाठवायच्या आधी मला दाखवायला आली. तिने लिहिलं होतं की आमच्या तळ्यात पाणी साठत नाही, बायका डोंगराच्या पलीकडून पाणी आणतात, दोघींची कंबर मोडली आहे, त्यांची नावं खाली दिली आहेत. मी वाचून हसले. म्हटलं, अगं हा अर्ज आहे की माहेरी पाठवलेलं पत्र? तिने कागद घेतला, घडी घातली आणि तसाच पाठवला.

मग फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला येणार असा निरोप आला. सकाळी आमचं गाव, दुपारी तिचं.

आता इथे मी जे केलं ते आमच्याकडच्या कुणीही चेअरमनने केलं असतं. पाहुणे पुण्याचे, रस्त्यावर घोटाघोटा फुफाटा. गावाला एका दिवसाआड टँकर यायचा. मी तो फाट्यावर अडवला आणि फाट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत रस्ता भिजवून घेतला. देवळापुढे सडा घातला, रांगोळी काढली. बायका कुरकुरल्या, तेव्हा मी म्हटलं, एक दिवस कळ काढा, गावाची इज्जत आहे. शाल, श्रीफळ, हार, फेटा, बाटलीबंद पाणी, सगळं मांडून ठेवलं.

मॅडम गाडीतून उतरल्या आणि खाली बघत राहिल्या. चप्पल चिखलात रुतली होती. त्यांनी विचारलं, इकडे पाऊस झाला का? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की नाही मॅडम, तुम्ही येणार म्हणून टँकर मारून घेतला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, कौतुक लिहीत असतील. हारतुऱ्यांत आणि भाषणांत इतका वेळ गेला की तलावाकडे जायला ऊन फार झालं आणि तलाव त्यांनी गाडीतूनच बघितला.

बहिणीकडे काय झालं ते मला आमच्या मंडळाच्या सचिवबाईंनी सांगितलं. त्यांची भावजय त्या गावची. तिथे ना खुर्ची ना मांडव. बहिणीने मॅडमना तळ्याच्या बांधावर, उन्हात, गोणपाटावर बसवलं. पाणी दिलं ते अर्धा पेला, आणि वर सांगितलं की पुरवून प्या. ऐकून मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराशी आलेल्याला आधी भरला तांब्या द्यावा, ही आमच्या आईची शिकवण. माहेरचं नाव घालवलं हिने, असं मी चार जणींत बोलले. काम आपल्यालाच मिळणार याची त्या दिवशी मला खात्री पटली.

पत्र तिला आलं.

मी वरवर म्हटलं, बरं झालं, घरातच राहिलं. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी फाउंडेशनलाच नावं ठेवली की त्यांना दप्तर वाचता येत नाही. पोकलेन मशीन तिच्या तळ्यात उतरलं तेव्हा वारा तिकडचा असला की त्याची घरघर आमच्या शिवारात ऐकू यायची. मी खिडकी लावून घ्यायचे. मॅडमच्या शेजारी पदर खोचून उभी राहिलेली बहीण पेपरात छापून आली. आमच्या बायकांनी तो पेपर डेअरीच्या भिंतीला चिकटवला आणि मला रोज दूध मोजताना तिचं तोंड बघावं लागलं. किती गाळ निघाला, किती ट्रॅक्टर लागले, कुणाच्या रानात पडला, सगळ्यांच्या तोंडी तेच. काम बघायला मी सोडून सगळं गाव जाऊन आलं. आमचे हे जेवताना हवा हुंगल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, काही जळतंय का गं कुठे? मी ताट आदळायचे.

खरं सांगायचं तर गाळाचं दुःख कमी होतं. मी शिकवलेली पोरगी माझ्या पुढे गेली, आणि तीही माझं एक अक्षर न वापरता, हे सलत होतं. सख्खे भाऊ पक्के वैरी असं लोक म्हणतात. बहिणींबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही, पण ते कुणाला सुचलं नसेल इतकंच.

एका सोमवारी ती आली. उन्हाने काळी पडली होती, पायांना गाळ लागलेला. ओट्यावर बसायच्या आधीच बोलायला लागली.

“अक्का, आमचं काम आदीच उरकतंय. मशीनचे आठ दिस शिल्लक राहत्यात. मी मॅडमला म्हणलं, माझ्या अक्काचं तळं हाय तिकडं, ते करा. त्या हो म्हणल्या. फकस्त तुमच्या मंडळाचा ठराव आन ट्रॅक्टरवाल्यांची यादी पायजे, पुढच्या बुधवारच्या आत.”

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. माझ्या गावाचा तलाव, माझी डेअरी. पण कानात एकच शब्द अडकला, शिल्लक. तिचं जेवण झालं आणि आता माझ्यापुढे उष्टं ताट सरकवलं, असं मला वाटलं. पुढे जन्मभर लोक म्हणणार की चेअरमनबाईंना धाकट्या बहिणीने मिळवून दिलं. मी तिला चहा दिला. म्हटलं, असं कसं चालेल, सभा घ्यावी लागेल, सात दिवसांची नोटीस काढावी लागेल, मंडळ काही माझ्या घरचं नाही. ती म्हणाली, काढ ना मग, वेळ आहे. तिला घाई होती, चहा बशीत ओतून प्याली आणि आल्या एसटीने परत गेली.

सहकारात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट रक्तातच कळते. काम करायचं असलं की ठराव एका रात्रीत होतो, मागच्या तारखेनेसुद्धा होतो. करायचं नसलं की नियम आठवतात. मी नोटीस काढली. सभा पुढच्या मंगळवारी, दुपारी. मंगळवार हा आमच्याकडचा बाजाराचा दिवस, निम्म्या बायका बाजारात असतात, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आणि नोटिशीच्या तळाची ती ओळ मी लिहिली नाही.

नोटीस घेऊन घरोघर फिरायचं काम सचिवबाईंचं. त्या अंगणवाडी सांभाळायच्या, डोळ्याने तेज होत्या. वाचून उंबऱ्यातच थांबल्या.

“काकू, खालची वळ ऱ्हायली.”

मी म्हटलं, राहू द्या, तळ्याचं काम आहे, सगळ्यांनी हजर राहून ठराव झाला पाहिजे. त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मी प्रोसिडिंग बुकाला दोरा बांधायला घेतला. त्या गेल्या.

मंगळवारी आठ-नऊ जणी आल्या. शाळेच्या खोलीत आम्ही बसून राहिलो. एकीने विचारलं की ठराव करायचा ना, आम्ही आहोत की. मी कोरम समजावून सांगितला, बुधवारच्या मुदतीचं मात्र बोलले नाही. दुसरी म्हणाली, मग थांबू की अर्धा तास, नेहमी थांबतोच. मी नोटीस पुढे केली आणि म्हटलं, यात तसं लिहिलेलं नाही, उद्या कुणी हरकत घेतली तर? हरकत घेणारं गावात कोण होतं? पण माझा शब्द दप्तराच्या बाबतीत शेवटचा असायचा. मी माझ्या नीटस अक्षरात लिहिलं, सभा कोरमअभावी तहकूब. आठ-नऊ जणींच्या सह्या घेतल्या. त्यातल्या दोघींच्या म्हशी त्या आठवड्यात विकायच्या होत्या.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी सांगितलं की कोरम भरला नाही, पुढच्या मंगळवारी परत घेते.

“आन अर्ध्या तासानं?”

“नोटिशीत नव्हतं.”

कुणाकडून ती ओळ शिकली होती, हे तिला आठवायची गरज नव्हती. मग म्हणाली, बरं अक्का, आणि फोन ठेवला.

शनिवारी मशीन हललं. ट्रेलरवर चढवलेलं, आमच्याच रस्त्याने, आमच्याच फाट्यावरून. डेअरीसमोर बायका कॅन घेऊन उभ्या होत्या. मशीन वळेल म्हणून त्या बघत राहिल्या आणि ते सरळ आष्टीच्या दिशेने निघून गेलं. एकीने मला विचारलं, “कावून हो काकू? आपल्याकडं येणार हुतं ना?”

मी म्हटलं, “न्हाई दिलं त्यांनी.”

त्यांनी म्हणजे कुणी, हे मी सांगितलं नाही. बायकांनी आपल्या मनाने ठरवलं. एक म्हणाली, बहिणीनंच अडवलं असणार, आपलं भरलं की दुसऱ्याचं कोण बघतं. दुसरी म्हणाली, दिसायला गरीब, पण लई आतल्या गाठीची बाई. मी दुधात माप बुडवत होते. आयुष्यभर ज्या गोष्टी ऐकायला माझे कान आसुसले होते त्या समोर बोलल्या जात होत्या आणि मला त्या गोड लागल्या. सचिवबाई तिथेच होत्या. त्यांनी कॅनचं झाकण लावलं आणि त्या निघून गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी पाऊस बरा झाला. तिच्या तळ्यात पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकलं. आमच्या तलावावरून ते नेहमीसारखं निघून गेलं आणि होळीच्या आधीच विहिरी कोरड्या पडल्या. डेअरीत कॅन कमी होत गेले. शेवटी सकाळी पाच-सहा जणी तांब्याएवढं दूध घेऊन यायला लागल्या आणि मग संकलन बंद झालं. बंद करण्याचा ठराव मीच लिहिला. त्या सभेला कोरम भरला होता.

दोन-तीन वर्षं बहिणीचं आमच्या गावात नाव निघालं की बायका तोंड वाकडं करायच्या. मी कधी एका शब्दाने ते सरळ केलं नाही. घरी आली की मी तिला पुरणपोळी करून घालायचे, पण बाहेर चार बायकांत न्यायचे नाही. तिनेही कधी विषय काढला नाही.

मग सचिवबाईंच्या नातीचं बारसं होतं. त्यांनी माझ्या बहिणीला मुद्दाम बोलावणं धाडलं, माझ्याशी न बोलता. ती आली, बायकांत बसली. घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. ज्या बाईच्या शेवटच्या दोन म्हशी त्या उन्हाळ्यात गेल्या होत्या, ती समोरच बसली होती. तिच्या मनात साठलेलं होतं ते बाहेर आलं.

“बाई, तुमचं तळं भरलं, चांगलं झालं. पर तुमच्या सख्ख्या बहिणीच्या गावाला आठ दिस मशीन द्यायला तुमचं काय जात हुतं?”

सचिवबाई पाळण्याजवळ उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उरलेल्या घुगऱ्यांची पाटी घेऊन दारात होते. बहिणीने आधी त्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती वाट बघत होती, एवढंच मला दिसलं. मी बोलावं म्हणून तिने मला पुरेसा वेळ दिला.

मी पाटीतल्या घुगऱ्या सारख्या करत राहिले.

तेव्हा ती त्या बाईला म्हणाली, “चुकलं माझं, माय. मी स्वतः येऊन बसायला पायजे हुतं.”

आणि तिने हात जोडले. ती बाई विरघळली, काही नाही काही नाही म्हणत तिच्याजवळ सरकली, आणि बघता बघता पाच-सहा जणी तिच्याभोवती गोळा होऊन आपापल्या घरचं सांगायला लागल्या. माझ्या गावच्या, माझ्या मंडळाच्या बायका. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

लाज मला नंतर वाटली, घरी आल्यावर. दारात उभी होते तेव्हा मला फक्त तिचा हेवा वाटला, की हेसुद्धा तिलाच जमलं.